वळण, कलाटणी, स्थित्यंतर : शब्द आणि त्यांचा नेमका वापर

गावाच्या, संस्थेच्या अथवा एखाद्या योजनेच्या इतिहासात कधी असा काळ येतो की, तेथून पुढची वाटचाल पूर्वीपेक्षा निराळी होते. हा बदल सांगण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. वळण, कलाटणी, स्थित्यंतर, संक्रमण, पर्व, टप्पा हे शब्द शासकीय अहवालांत, ग्रामसभेच्या इतिवृत्तांत आणि शालेय पाठांत नित्य आढळतात. 'टर्निंग पॉइंट' हाही आता त्यांच्या पंगतीला येऊन बसला आहे. तथापि हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी योजले जातात आणि नेमके काय बदलले, किती काळात बदलले, याचा बोध वाचणाऱ्यास होत नाही. जालना जिल्ह्याच्या इतिहासातील काही घटना समोर ठेवल्यास या शब्दांमधील भेद स्पष्ट होतो.

वळण

'वळणे' या क्रियापदापासून हा शब्द आला. शहराबाहेरून वाहतूक नेणारा तो वळणरस्ता. नदीचा प्रवाह अडवून पाणी पाटाकडे नेणारा तो वळणबंधारा. या शब्दाला सवयीचाही अर्थ आहे. मुलांना वळण लावतात, अक्षराला वळण असते, नवी रीत काही दिवसांनी अंगवळणी पडते. 'वळणाचे पाणी वळणावर जाते' या म्हणीतही हा दुसरा अर्थ आहे. ज्या बदलात वाट तीच राहते, मात्र तिची दिशा पालटते आणि पुढे ती दिशा रुळते, त्यास 'वळण' म्हणणे योग्य होय. जालना ही जुनी व्यापारी पेठ. तेथे 1964 साली बद्रिनारायण बारवाले यांनी 'महिको' ही बियाणे कंपनी स्थापन केली. पुढे जालना बियाणे उद्योगाचे केंद्र म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले, आणि 1998 साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. येथे पेठ मोडली नाही. तिच्या व्यापाराला नवे वळण लागले.

कलाटणी आणि निर्णायक घटना

कलाटणीत बाजू उलटण्याचा भाव आहे. तिला वेळ थोडा लागतो आणि परिणाम मोठा होतो. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. विवाहाच्या वेळी 'सावधान' हा शब्द ऐकताच बाल नारायणाने मंडप सोडला, अशी परंपरागत कथा आहे. संसाराकडे निघालेले आयुष्य त्या क्षणी उलट दिशेस गेले, म्हणून येथे 'कलाटणी' हाच शब्द शोभतो. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी राजवट संपली, ही मराठवाड्याच्या राजकीय जीवनाला मिळालेली कलाटणी होती.

असईच्या लढाईविषयी मात्र थोडे थांबून विचार करावयास हवा. केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात 23 सप्टेंबर 1803 रोजी ही लढाई झाली आणि आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. 'या लढाईने युद्धाला कलाटणी मिळाली' असे सहज लिहिले जाते. परंतु अहमदनगरचा किल्ला ऑगस्टमध्येच इंग्रजांच्या हाती गेला होता आणि 11 सप्टेंबरला दिल्लीजवळही त्यांची सरशी झाली होती. युद्धाचा ओघ आधीच एका बाजूस झुकला होता. असईने तो पक्का केला. म्हणून असईची लढाई 'निर्णायक' होय. ओघ उलटला तर कलाटणी, आणि ज्या बाजूस तो आहे तेथेच निकाल लागला तर निर्णायक घटना, हा भेद शिक्षकांनी विद्यार्थ्यांस अवश्य समजावून द्यावा.

संक्रमण आणि स्थित्यंतर

एका अवस्थेतून दुसरीत जाण्याची सावकाश क्रिया म्हणजे संक्रमण. मकरसंक्रमणामुळे हा शब्द घरोघरी ओळखीचा आहे. राजवट 1948 मध्ये बदलली, तरी कचेऱ्यांतील कागद एका दिवसात बदलले नाहीत. हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. मराठवाडा 1956 साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्राची स्थापना झाली आणि महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 चा आहे. या सर्व वर्षांत दप्तराची भाषा हळूहळू पालटत गेली. त्या काळाला 'संक्रमणकाळ' म्हणणे उचित ठरते.

'स्थित्यंतर' म्हणजे दुसरी स्थिती. रूपांतर, वेषांतर यांच्याच जातीचा हा सामासिक शब्द आहे. संक्रमणात प्रवास दिसतो, तर स्थित्यंतरात मुक्काम. जालना तालुक्यातील कडवंची येथे 1996 पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली कामे झाली. पुढे शेततळी झाली आणि अवर्षणप्रवण शिवारात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. बांधबंदिस्तीची वर्षे हे संक्रमण. आज दिसते ते स्थित्यंतर.

पर्व, टप्पा आणि मैलाचा दगड

'पर्व' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ऊस किंवा बांबू यांचा सांधा असा आहे. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणीतील परतूर हे तालुके त्यासाठी एकत्र आले. तेथून प्रशासनाचे नवे पर्व सुरू झाले, असे म्हणता येईल. 'टप्पा' हा ठरलेल्या मार्गाचा भाग असतो, तर 'मैलाचा दगड' केवळ किती अंतर कापले ते सांगतो. दगडामुळे रस्ता वळत नाही. पाणीपुरवठा योजनेची टाकी बांधून झाली, तर तो एक टप्पा होय. घरोघरी नळाचे पाणी नियमित येऊ लागले आणि टँकरची गरज उरली नाही, तर ते स्थित्यंतर.

शब्द योजण्यापूर्वी

अहवाल लिहिताना बदलापूर्वीची स्थिती कोणती व नंतरची कोणती, हे प्रथम एका वाक्यात लिहून पाहावे. त्यास किती काळ लागला, हेही नोंदवावे. या दोन गोष्टी कागदावर आल्या की योग्य शब्द बहुधा आपोआप सुचतो. त्या लिहिता येत नसतील, तर मोठा शब्द टाळून घडले ते साध्या भाषेत सांगावे. प्रत्येक भूमिपूजनाला 'कलाटणी' म्हटले, तर जेव्हा गावाचे दैव खरोखरच पालटेल, तेव्हा ते सांगण्यास शब्द उरणार नाही. शिवाय पंचायतीचे दप्तर पुढील पिढीच्या हाती जाणार असते. काय होते आणि काय झाले, हे तिला त्या दप्तरातूनच समजून घ्यावयाचे आहे.