एमसीबी पडला नाही, तरी बोर्ड कसा जळला?

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाचा व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. एक्स्टेंशन बोर्ड, त्यातलं एक सॉकेट तपकिरी पडलेलं, पिनांच्या भोकांभोवतीचं प्लास्टिक वितळून आत गेलेलं. खाली मेसेज: "दादा, एमसीबी पडलाच नाही. मग हे जळलं कसं?"

तो पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससीचा अभ्यास करतो. एका खोलीत चौघं राहतात, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन आहे. मेसचा कंटाळा आला म्हणून त्यांनी इंडक्शन घेतलं, पण त्याचा जाड 16 अँपिअरचा प्लग खोलीतल्या बोर्डात बसेना. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून कन्व्हर्टर आणला आणि तो एक्स्टेंशनमध्ये खुपसला. रात्री मॅगी करताना वास आला आणि एकाने स्विच बंद केला, म्हणून वाचले. बोर्ड गादीला टेकलेला होता.

प्रश्न मात्र त्याने एकदम बरोबर विचारला. आपण सगळे धरून चालतो की एमसीबी आहे म्हणजे काळजी नाही.

आधी साधा हिशोब. उपकरणावर लिहिलेल्या वॉटला 230 ने भागलं की अँपिअर मिळतात. इंडक्शन 2000 वॉटचं, म्हणजे साधारण 8.7 अँपिअर. पाण्याची किटली 1500 वॉटची, म्हणजे 6.5. तुमचा 33 वॉटचा फास्ट चार्जर जेमतेम 0.14. आता एक्स्टेंशन बोर्डाच्या मागे बघा, बहुतेकांवर 6 अँपिअर लिहिलेलं असतं. भिंतीतल्या पॉवर लाईनचा एमसीबी मात्र बऱ्याचदा 16 अँपिअरचा असतो. इंडक्शन आणि किटली दोन्ही त्याच बोर्डावर लावली तरी करंट 15.2 अँपिअर. एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक चाललंय! तो भिंतीतल्या वायरिंगसाठी बसवलेला आहे, तुमच्या दोनशे रुपयांच्या बोर्डासाठी नाही.

पण भावाच्या खोलीत फक्त इंडक्शनच चालू होतं. मग प्लास्टिक वितळण्याइतकी उष्णता आली कुठून? खरी गंमत (गंमत कसली म्हणा) इथे आहे.

सॉकेटच्या आत पितळी पट्ट्या असतात, त्या पिनेला घट्ट धरतात. वापरून वापरून किंवा मुळातच हलक्या मालामुळे त्या सैल होतात. मग पिन आणि पट्टी नीट न चिकटता एखाद-दुसऱ्या बिंदूवर टेकतात आणि तिथे रेझिस्टन्स वाढतो. तयार होणारी उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. समजा त्या सैल जागी फक्त अर्धा ओहम आहे. चार्जर लावला तर 0.01 वॉट उष्णता, हाताला कळणारही नाही. इंडक्शन लावलं की त्याच जागी जवळपास 38 वॉट! मोबाईल रिपेअरवाल्याकडचं साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं, आणि त्यावर सोल्डर वितळतं. "याच बोर्डावर वर्षभर फोन चार्ज करतोय, काही झालं नाही" हे म्हणणं म्हणूनच काही कामाचं नाही.

पुढे हे वाढतच जातं. तापल्यावर पट्टीचा ताण आणखी कमी होतो, धातूवर काळा थर चढतो, रेझिस्टन्स अजून वाढतो. आणि या सगळ्यात एकूण करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. एमसीबी पडणार कशाला? आरसीसीबीही गप्प बसतो, कारण तो फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक बघतो. घरात सहसा 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की तो तुटतो, शॉकपासून वाचण्यासाठी तो हवाच. पण इथे जेवढा करंट गेला तेवढाच परत आला. ठिणग्या ओळखणारे ब्रेकरही असतात, अमेरिकेत 2002 पासून नव्या घरांच्या बेडरूमसाठी त्यांचा नियम आला. आपल्या घरांत ते क्वचितच दिसतात.

म्हणजे हे पकडायचं काम आपल्यावरच. प्लग स्वतःच्या वजनाने लोंबकळतोय, आतून चरचर आवाज येतोय, जळक्या प्लास्टिकचा किंवा चक्क मासळीसारखा वास येतोय, तर तो बोर्ड बाद. जड उपकरण वीस मिनिटं चालवा, बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या प्लास्टिकला हात लावून बघा (पिनांना नको, त्या चटका देऊ शकतात). कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर नाही. आणि प्ले स्टोअरवरच्या "थर्मल कॅमेरा" ॲपने बोर्ड तपासू नका. फोनमध्ये वेगळा थर्मल सेन्सर नसेल तर ते ॲप फक्त फोटोचे रंग बदलतं.

फोनचा खरा उपयोग वेगळा आहे. बीआयएसचं 'बीआयएस केअर' ॲप घ्या. बोर्डावर आयएसआय चिन्हासोबत सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो, चार्जरवर आर- ने सुरू होणारा. तो टाकला की कंपनीचं नाव आणि कोणत्या वस्तूसाठी परवाना आहे ते दिसतं. नाव जुळलं नाही तर तो शिक्का नुसता छापलेला.

गीझर, इंडक्शन, हीटर, एसी एक्स्टेंशनवर लावायचे नाहीत, कितीही महाग बोर्ड असला तरी. त्यांना भिंतीतला 16 अँपिअरचा पॉइंट हवा. तो नसेल तर वायरमनला सांगून वेगळी वायर ओढून घ्या, नुसतं सॉकेट बदलून घेऊ नका, कारण मागची वायर तीच बारीक राहते. चार्जिंगचा फोन उशीखाली नको, हे तुम्ही शंभरदा ऐकलंय.

आणि पेटलंच, तर पाणी मारायचं नाही. हात पोचत असेल तर आधी मेन स्विच बंद. खोलीत धूर भरला असेल तर तेही सोडा, बाहेर पडा, 101 किंवा 112 लावा.

भावाच्या घरमालकाने आधी "इंडक्शन वापरूच नका" म्हणून विषय संपवला होता. मग चौघांनी जळका बोर्ड नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवला. काल नव्या पॉइंटचा फोटो आला. वायरमनचे पैसे अर्धे-अर्धे.