चाव्यांच्या जुडग्यातील उजेड

रात्रीचे साडेनऊ वाजत आलेले असतात. नाशिकच्या सराफ बाजारात एकामागून एक शटर खाली येऊ लागते. दिवसभर झगमगणाऱ्या पेढ्यांचे दिवे मालवले की तीच गल्ली अनोळखी वाटू लागते. शटरचे कुलूप घोट्याच्या उंचीवर. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चाव्या. वाकून चाचपडत योग्य चावी शोधण्यात जी दोन-तीन मिनिटे जातात, त्या वेळी व्यापाऱ्याचे लक्ष ना पिशवीकडे असते, ना रस्त्याकडे. दिवसभरातील सर्वाधिक असावध क्षण तो हाच. चाव्यांच्याच जुडग्यात अंगठ्याएवढी विजेरी असेल, तर ही दोन-तीन मिनिटे काही सेकंदांवर येतात.

मोबाइलमध्ये उजेड असताना वेगळी विजेरी कशाला, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. परंतु मोबाइलचा दिवा लावण्यास तो खिशातून काढावा लागतो, पडदा उघडावा लागतो आणि एक हात त्यातच गुंततो. शिवाय संकटाच्या वेळी मोबाइलचे चार्जिंग बोलण्यासाठी राखून ठेवावे लागते. नाशिककरांना हे वेगळे सांगावयास नको. २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ या दोन्ही दिवशी गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीला बुडवून बाजारपेठेत शिरले होते. दुकानात पाणी आले की वीज बंद ठेवणेच हिताचे असते. अशा काळोखात वह्या, कागदपत्रे आणि माल वरच्या फळीवर हलवताना घरच्यांशी संपर्क राखणारा मोबाइल वेगळा आणि उजेड देणारी विजेरी वेगळी असणे, हीच खरी सोय.

आज सहज वाटणारी ही वस्तू इतकी लहान होण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. हाती धरण्याच्या नळीसारख्या विजेरीचे पेटंट अमेरिकेत १८९९ साली दिले गेले. तेव्हाचे सेल इतके दुबळे होते की दिवा क्षणभर लावून लगेच विझवावा लागे. पुढे दोन-तीन जाड सेलांची धातूची ‘बॅटरी’ घराघरांत आली आणि फडताळावर किंवा उशाशी तिची जागा ठरली. पण ती खिशात मावणारी नव्हती. १९९० च्या दशकात प्रखर निळा एलईडी आणि त्यापाठोपाठ पांढरा एलईडी तयार झाला, आणि तापलेल्या तारेच्या बल्बची गरज संपली. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जुडग्यातील विजेरी हे त्याच संशोधनाचे फळ.

विजेरी घेताना दुकानदार प्रथम तिचा झोत किती प्रखर आहे ते दाखवतो. ग्राहकाने मात्र सर्वांत मंद उजेड किती, हे विचारावे. प्रकाश ल्युमेन या एककात मोजला जातो. कुलपाचे छिद्र दिसण्यास पाचेक ल्युमेन पुरतात, जिन्यासाठी वीस-तीस आणि मोकळ्या रस्त्यासाठी शंभरच्या आसपास. अंधाराला पूर्ण सरावण्यास डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. प्रखर झोताने ती तयारी क्षणात मोडते आणि दिवा विझल्यावर आधीपेक्षा अधिक अंधारल्यासारखे होते. मंद उजेडात सेलही पुष्कळ अधिक काळ टिकतो. थंड निळसर प्रकाशापेक्षा पिवळसर प्रकाशाकडे कीटक कमी ओढले जातात, ही गोष्ट जीवदयेचा विचार करणाऱ्या घरांनी निवड करताना अवश्य ध्यानात घ्यावी.

व्यवहारातही ही लहानशी वस्तू उपयोगी पडते. नोटेच्या मागे उजेड धरला की जलचिन्हातील गांधीजींची प्रतिमा आणि रकमेचा आकडा स्पष्ट दिसतो. धान्याच्या गोदामात झोत वरून टाकण्याऐवजी पोत्यांना जवळजवळ समांतर, तिरपा धरला, तर किडीने पाडलेली भुकटी, ओल आणि उंदराने कुरतडलेली कड सावलीमुळे उठून दिसते. लासलगाव-पिंपळगावकडील कांदाचाळीतही आतल्या थरातील सडका कांदा वासाने कळतो. तो नेमका कोठे आहे, हे फटीतून टाकलेल्या झोताने सापडते.

तरीही विजेरीचे खरे मोल मालापेक्षा जिवाशी जोडलेले आहे. पंचवटीतील जुन्या वाड्यांचे लाकडी जिने उभे, अरुंद आणि भर दुपारीही अंधारे. वृद्धांच्या बाबतीत एक पायरी चुकली तर खुब्याचे हाड मोडून पुढचे कित्येक महिने अंथरुणात जाऊ शकतात. मळ्यातील घरी किंवा गोदामाच्या आवारात पावसाळ्यात रात्री मण्यार फिरते. तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, म्हणून तो लक्षात येण्यास उशीर होतो. अशा जागी पायांत जोडे आणि पावलापुढे उजेड, या दोन गोष्टींनी पुष्कळ अनर्थ टळतो.

पाच समित्यांपैकी पहिली ईर्यासमिती हेच सांगते: चार हात पुढची जमीन न्याहाळत, जीव जपत चालावे. साधू-साध्वी त्यासाठी सूर्यप्रकाशाचाच आधार घेतात. गृहस्थाला सूर्यास्तानंतरही दुकान बंद करून घरी यावे लागते, पहाटे मंदिराची वाट धरावी लागते. त्याची विजेरी ही सूर्याची जागा घेत नाही. रात्रीभोजनास तर ती मुळीच सबब होऊ शकत नाही. परंतु चालावेच लागत असेल, तर न पाहता चालण्यापेक्षा पाहून चालणे केव्हाही श्रेयस्कर.

झुंजुमुंजू होताच महामार्गावरून विहार करणाऱ्या साधू-साध्वींसोबत जाणाऱ्या सेवकांनी मात्र जुडग्यातील विजेरीवर विसंबू नये. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येते. चालकाला माणसे दुरूनच दिसली पाहिजेत. त्यासाठी चमकणारी जाकिटे आणि मोठ्या विजेऱ्याच हव्यात. छोटी केवळ राखीव असावी. कित्येक परंपरांमध्ये विजेचा प्रकाश साधूंच्या अंगावर पडणे वर्ज्य मानले जाते. म्हणून झोत कसा धरावा, हे विहारापूर्वीच विनयपूर्वक विचारून घ्यावे.

घरात लहान मूल असेल, तर एक इशारा फार महत्त्वाचा आहे. स्वस्त विजेऱ्यांत पुष्कळदा बटन सेल असतो. ‘सीआर २०३२’ या नावाचा सेल २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, म्हणजे नाण्यासारखाच दिसतो. मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता किंवा उलटी काढण्याचा प्रयत्न न करता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. शक्यतो स्क्रूने बंद होणारी, बारीक पेन्सिल सेलची अथवा चार्ज होणारी विजेरी घ्यावी. संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळे ठेवून संकलन केंद्रात द्यावेत. गंमत म्हणूनही झोत कोणाच्या डोळ्यांवर मारू नये.

वस्तू जवळ असून ऐन वेळी निकामी निघाली, तर ती नसल्यासारखीच. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून विजेरी लावून पाहावी. चार्ज होणारी असल्यास त्याच दिवशी भरून ठेवावी. कडी सैल झाली असेल तर बदलावी, कारण चाव्यांपासून सुटलेली विजेरी पुन्हा फडताळातच जाऊन पडते. घरातील आजी-आजोबांच्या हाती देण्यापूर्वी तिची कळ त्यांच्या अंगठ्याने सहज दाबली जाते की नाही, हेही पाहून घ्यावे.

एवढी तयारी असली की रात्री सराफ बाजारातला तोच व्यापारी कुलूप पहिल्याच चावीने लावतो, उभा राहतो, पिशवी सावरतो आणि समोरच्या ओल्या फरशीवर मंद उजेड टाकतो. उद्या सकाळी हेच कुलूप उघडण्यासाठी त्याला आज सुखरूप घरी पोहोचायचे असते. पुढची चार हात जमीन नीट पाहून मगच तो पहिले पाऊल उचलतो.