पूल रुंद झाले, तरी रांगा का?

नाताळच्या सुट्टीत पत्रादेवीहून गोव्यात शिरलेली मोटार पोळेच्या सीमेपर्यंत कधी पोहोचेल, हे नकाशावरील अंतर पाहून सांगता येत नाही. पणजी ते मडगाव हे अंतर जेमतेम ३५ किलोमीटर. मात्र वर्षअखेरीस या हिशेबाला फारसा अर्थ उरत नाही.

किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या रस्त्याला नद्या आडव्या येतात. राष्ट्रीय महामार्ग ६६ कोलवाळला शापोरा, पणजीला मांडवी आणि आगशी-कुठ्ठाळीदरम्यान झुआरी ओलांडतो. आजूबाजूच्या साऱ्या रस्त्यांवरील वाहने पुलापाशी एकत्र येतात, कारण जवळ दुसरी वाट नसते; झुआरीचा पूल टाळायचा तर बोरीपर्यंत वळसा घ्यावा लागतो. १९८३ साली सुरू झालेला झुआरीचा दुपदरी पूल म्हणूनच वर्षानुवर्षे कोंडीचे ठिकाण ठरला. नव्या पुलाची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये खुली झाली. दोन्ही मुहूर्त ऐन नाताळच्या गर्दीतले. आता तेथे आठ पदर आहेत.

पण पुलाची ही रुंदी गावापर्यंत पोहोचत नाही. कळंगुट, बागा, हणजूण येथील अंतर्गत रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना चिऱ्यांची कुंपणे, घरे आणि दुकाने आहेत. कडेला एक मोटार उभी राहिली, की समोरासमोर आलेल्या दोघांपैकी एकाला थांबावेच लागते. त्यात वेळेची भर. सकाळी पर्यटक आपापल्या सवडीने किनाऱ्यावर येतात, पण परततात ते सूर्यास्तानंतर, जवळपास एकदमच. डिसेंबरअखेर येथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि त्याच वेळी कामावरून घरी निघालेले गोमंतकीयही रस्त्यावर असतात.

एकदा दाटी झाली, की कोंडीला अडथळ्याचीही गरज उरत नाही. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी एकसारख्या वेगाने चालवण्यास सांगितले होते. चौक नाही, सिग्नल नाही; तरी थोड्याच वेळात काही मोटारी पूर्ण थांबल्या आणि थांबण्याची ही लाट रांगेत मागे मागे सरकत गेली. पुढच्या वाहनाला चिकटून चालवणारा चालक वारंवार ब्रेक दाबतो व ही लाट वाढवतो. थोडे अंतर राखणारा ती शमवतो. घाईत असलेल्याला हे पटणे अवघडच.

या खोळंब्याची सर्वाधिक झळ पर्यटकांना बसत नाही. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय याच महामार्गावर आहे. काणकोण वा सासष्टीतून तेथे पाठवलेल्या रुग्णाला झुआरी ओलांडावीच लागते, तर पेडणे-बार्देशातील रुग्णाला मांडवी. रांग चुकवू पाहणारे अनेक चालक रस्त्याची कड धरून पुढे घुसतात. रुग्णवाहिकेसाठी बहुधा तेवढीच वाट उरलेली असते.