सही होती, पण संमती?

पॉर्न उद्योगातल्या एखाद्या बाईने फसवणुकीची तक्रार केली की पहिला प्रश्न ठरलेला: "करारावर सही केली होती ना?" माझ्या प्रबंधाचा विषय कळल्यावर नातेवाईकही हेच विचारतात. प्रश्न गैर नाही. पण कायद्याच्या नजरेत सही म्हणजे संमतीचा पुरावा, आणि पुरावा खोडून काढता येतो. कसा, ते कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला चाललेल्या 'गर्ल्स डू पॉर्न' खटल्यात छान दिसतं.

या कंपनीची पद्धत अशी. क्रेगलिस्टवर 'मॉडेल पाहिजेत' अशी जाहिरात टाकायची. कॉलेजच्या वयाच्या मुली उत्तर द्यायच्या. काम नेमकं काय, ते नंतर कळायचं. मग आश्वासन मिळायचं की फिल्म इंटरनेटवर येणारच नाही, परदेशात डीव्हीडीवर खासगी ग्राहकांना विकली जाईल. तरी शंका राहिली तर 'आधी काम केलेली' म्हणून दुसरी एखादी मुलगी फोनवर खात्री द्यायची. अशी खात्री देण्याचे तिला पैसे मिळत! करार हातात पडायचा तो हॉटेलच्या खोलीत, घाईघाईत, आणि त्यात वेबसाइटचं नाव नसायचं. पुढे फिल्म नेटवर यायची आणि लिंक वर्गमित्रांपर्यंत, घरच्यांपर्यंत पोचायची.

2016 साली दिवाणी दावा दाखल झाला. पुढे वादी 22 झाल्या, सगळ्या 'जेन डो' या टोपणनावाने. जानेवारी 2020 मध्ये न्यायाधीश केविन एनराइट यांनी त्यांना सुमारे 1 कोटी 27 लाख डॉलर मंजूर केले. फसवून घेतलेले करार ग्राह्य धरले नाहीत. (आपल्या 1872 च्या करार कायद्यातही फसवणुकीने मिळवलेल्या संमतीवरचा करार फसलेल्या व्यक्तीला रद्द करता येतो, म्हणजे तत्त्व काही नवं नाही.)

दिवाणी सुनावणी चालू असतानाच, ऑक्टोबर 2019 मध्ये, लैंगिक शोषणासाठी मानवी तस्करीचे फौजदारी आरोप लागले. तस्करी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डांबून ठेवलेली माणसं येतात. पण अमेरिकी संघीय कायद्यात बळजबरी, फसवणूक किंवा दबाव यांपैकी एक काहीही पुरतं. दार उघडं होतं का, हा प्रश्नच तिथे निर्णायक नाही. फिल्ममधला पुरुष कलाकार रूबेन आंद्रे गार्सिया याला 2021 मध्ये 20 वर्षं झाली. मालक मायकल प्रॅट पळाला, एफबीआयच्या पहिल्या दहा फरारींच्या यादीत गेला, डिसेंबर 2022 मध्ये स्पेनमध्ये सापडला आणि सप्टेंबर 2025 मध्ये त्याला 27 वर्षांची शिक्षा झाली.

पण फिल्मचं काय? मला या प्रकरणात सगळ्यात रस वाटतो तो इथे. अमेरिकेच्या 'कलम 230' नुसार लोकांनी अपलोड केलेल्या मजकुराबद्दल वेबसाइटला प्रकाशक धरता येत नाही. त्यामुळे बदनामी किंवा खासगीपणाचा भंग म्हणून वेबसाइटवर दावा लावला तर तो बहुधा इथेच अडतो. कॉपीराइट मात्र या कलमाच्या बाहेर आहे. हक्कधारकाची नोटीस आल्यावरही वेबसाइटने फिल्म काढली नाही, तर कॉपीराइटच्या दाव्यापासून असलेलं संरक्षण ती गमावू शकते. अडचण एवढीच की फिल्मची हक्कधारक खुद्द कंपनी होती. म्हणून 2020 च्या निकालात मालकी हक्क त्या बायकांना देण्याचा आदेश झाला, आणि डिसेंबर 2021 मध्ये संघीय न्यायालयाने इतर पीडितांसाठीही तेच केलं. स्वतःच्या अब्रूसाठी आधी 'निर्माती' व्हावं लागणं मला विचित्रच वाटतं, पण उपयोगी पडलं ते हेच. तरी प्रत्येक लिंकसाठी वेगळी नोटीस, आणि कुणी पुन्हा अपलोड केलं की पुन्हा एक.

प्लॅटफॉर्मवर बोट ठेवलं गेलं ते शेवटी पैशाच्या वाटेने. डिसेंबर 2023 मध्ये पॉर्नहबची मूळ कंपनी आयलो हिने तस्करीतून आलेला पैसा घेतल्याचं मान्य केलं. तूर्त खटला न चालवण्याच्या बदल्यात तिने 18 लाखांहून जास्त डॉलर सरकारला देण्याचं, पीडितांना वेगळी भरपाई देण्याचं आणि तीन वर्षं स्वतंत्र देखरेखीखाली राहण्याचं कबूल केलं.