मोल : तोलून मोजण्याची युक्ती

किलोभर खिळे दुकानदार मोजत बसत नाही. एका खिळ्याचे वजन ठाऊक असले, की तोलूनच संख्या कळते. अणूंचेही तसेच!

डझन म्हणजे १२. तसा मोल म्हणजे ६.०२२१४०७६ × १०²³ कण. पूर्वी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू, तितक्या कणांना एक मोल म्हणत. २० मे २०१९ पासून ही संख्याच ठरवून दिलेली आहे.

अणूंचा संयोग होतो तो संख्येने, ग्रॅमने नव्हे. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक. म्हणून २ ग्रॅम हायड्रोजनला १ ग्रॅम ऑक्सिजन पुरेल काय? नाही, १६ ग्रॅम लागतो! पाणी मिळते १८ ग्रॅम, म्हणजेच एक मोल. तेव्हा उदाहरण सोडवताना प्रथम ग्रॅमचे मोल करा.