लिअर राजा आणि सातवीचा वर्ग

शोकांतिका हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे बी. ए.चा वर्ग, ॲरिस्टॉटलची व्याख्या आणि परीक्षेतील मोठा प्रश्न उभा राहतो. असे नाटक बारा-तेरा वर्षांच्या मुलांपुढे ठेवावे काय, हा विचार सहसा कुणी करीत नाही. केलाच तर उत्तर ठरलेले असते : मुलांना आनंदाच्या गोष्टी सांगाव्यात, दुःख त्यांना पुढे कळणारच आहे. गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील संध्याकाळच्या अभ्यासिकेत सातवी-आठवीच्या मुलांबरोबर शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ वाचण्याचा योग मला आला. त्यानंतर माझे मत अगदी उलट झाले आहे. ते कसे, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम नाटकाची थोडी ओळख. २६ डिसेंबर १६०६ रोजी इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्यापुढे या नाटकाचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. १६०८ मध्ये ते प्रथम छापले गेले. ऐंशी ओलांडलेला लिअर आपल्या हयातीतच राज्याची वाटणी करायला निघतो. नकाशा पुढे ठेवून तो तिन्ही मुलींना विचारतो की, तुमचे माझ्यावर किती प्रेम आहे? थोरली गॉनेरिल आणि मधली रीगन शब्दांचा पाऊस पाडतात. धाकटी कॉर्डेलिया मात्र सांगते की, लेकीने बापावर करावे तेवढे प्रेम मी करते. अधिक नाही, उणे नाही. संतापलेला राजा तिला रिकाम्या हाताने परमुलखात पाठवतो. सारे राज्य दोघींत वाटले जाते आणि शंभर शिलेदारांसह राजाने एकेक महिना आळीपाळीने दोघींकडे राहावे असे ठरते.

गोष्ट येथवर आली आणि वर्गात कुजबुज सुरू झाली. आमच्या वस्तीतील बहुतेक घरे खेड्यांतून आलेली. सातबारा, वाटणी, आणि वाटणीनंतर एक महिना या मुलाकडे, एक महिना त्या मुलाकडे जेवणारे आजोबा, हे त्या मुलांना समजावून द्यावे लागत नाही. एक मुलगा म्हणाला, “ताई, आमच्या आजोबांचं असंच आहे. महिना एकतीस दिवसांचा असला की भांडण होतं.” जे काम माझ्या चार पानांच्या टिपणाने झाले नसते, ते त्या एका वाक्याने झाले.

वाचनाची पद्धत साधी होती. संपूर्ण संहिता मुलांच्या हाती दिली नाही. कथानक मी सांगत असे आणि निवडक प्रवेश विंदा करंदीकरांच्या ‘राजा लिअर’ या १९७४ च्या अनुवादातून मुले पात्रे वाटून घेऊन मोठ्याने वाचत. कोणत्याही पात्राने निर्णय घेण्यापूर्वी आम्ही थांबत असू आणि ‘तुम्ही काय केले असते?’ हा प्रश्न होई. एक पथ्य मात्र मी कटाक्षाने पाळले. मुलांना त्यांच्या घरातील काही आपण होऊन विचारायचे नाही. त्यांनी सांगितले तर ऐकायचे. आजोबांविषयी बोललेल्या मुलाने पुढे तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

दुसऱ्या अंकातील शिलेदारांचा प्रसंग आम्ही फळ्यावर मांडला. गॉनेरिल म्हणते, शंभर कशाला, पन्नास पुरेत. राजा रागाने रीगनकडे जातो, तर ती म्हणते, माझ्याकडे पंचवीसच चालतील. तेव्हा राजा हिशेब करतो की पन्नास म्हणजे पंचवीसच्या दुप्पट, म्हणून गॉनेरिलचे प्रेमही दुप्पट! मग दहा, पाच, आणि शेवटी एक तरी कशाला, असा सवाल येतो. शंभरापासून शून्यापर्यंतचे आकडे फळ्यावर उतरले तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, “पण हा हिशेब त्यानेच सुरू केला होता ना?” हेच या नाटकाचे मर्म आहे. ज्याने प्रेम जमिनीच्या तुकड्यांनी मोजले, त्याला शेवटी त्याच मापाने मोजले गेले.

तिसऱ्या अंकात उमराव ग्लॉस्टरचे डोळे काढले जातात. तो प्रसंग मुलांकडून करवून घेण्याचा नाही. मी तो दोन वाक्यांत सांगितला. परंतु त्याच प्रवेशातील एका साध्या नोकराबद्दल मी सविस्तर बोलले. हा अन्याय पाहवेना म्हणून तो आपल्या धन्यावरच तलवार उपसतो, त्याला प्राणघातक जखम करतो आणि स्वतः मारला जातो. त्याला नाटकात नावसुद्धा नाही. मुलांना तो फार आवडला. क्रौर्य सांगताना त्याच्या आड येणारा माणूसही सांगितला, तर मुले केवळ घाबरत नाहीत.

मग आम्ही वहीत दोन रकाने केले : चूक आणि शिक्षा. या वयाच्या मुलांची न्यायबुद्धी तिखट असते. गॉनेरिल, रीगन, कारस्थानी एडमंड यांचे हिशेब चटकन जुळले. लिअरपाशी वाद झाला. चूक त्याचीच, पण वादळी रात्री उघड्या माळावर भ्रमिष्ट होऊन भटकण्याएवढी मोठी? कॉर्डेलियापाशी तर रकानाच रिकामा राहिला. बापाला सोडवायला ती फौज घेऊन येते, हरते, कैद होते आणि तुरुंगात तिला फाशी दिली जाते. तिच्या रक्षणासाठी एकजण देवांची प्रार्थना करतो आणि त्याच क्षणी लिअर तिचे प्रेत हातांवर घेऊन प्रवेश करतो. हरिश्चंद्राच्या आख्यानात रोहिदास पुन्हा उठून बसतो, हे मुलांना ठाऊक होते. ती तशाच शेवटाची वाट पाहत होती. तो आला नाही. वर्ग गप्प झाला, दोघीतिघी रडल्या.

दुसऱ्या दिवशी एका पालकांनी विचारले, मुलांना रडवायला शिकवता काय? एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांनी सुचवले, शेवट बदलून सांगायचा होतास. सूचना मायेपोटी होती, पण नवी नव्हती. १६८१ मध्ये नेहम टेट याने हेच केले. त्याच्या रूपांतरात लिअरला राज्य परत मिळते आणि कॉर्डेलियाचे लग्न लागते. इंग्लंडच्या रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षे तोच गोड शेवट चालला. १८३८ मध्ये मॅक्रेडी या नटाने मूळ नाटक पुन्हा उभे केले. डॉ. जॉन्सनसारख्या पंडितानेही लिहून ठेवले आहे की, कॉर्डेलियाच्या मृत्यूचा धक्का एवढा बसला की संपादनाचे काम अंगावर येईपर्यंत ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचवले नाहीत. म्हणजे आमच्या वर्गातील मुलींना जे सोसवले नाही, ते मोठ्यांनाही सोसवत नव्हते. याउलट १८०७ मध्ये चार्ल्स आणि मेरी लँब या भावंडांनी शेक्सपिअरच्या गोष्टी मुलांसाठी लिहिल्या, त्यांत कॉर्डेलिया मरतेच. रंगभूमीवर मोठ्यांना गोड शेवट दाखवला जात असताना मुलांच्या पुस्तकात खरा शेवट छापला गेला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

ॲरिस्टॉटलने सांगितले आहे की शोकांतिकेचा नायक पुरता सज्जन नसतो आणि पुरता दुर्जनही नसतो. त्याच्या हातून काही चूक घडते, आणि त्याची दशा पाहून आपल्याला करुणा व भीती वाटते. मला वाटते, मुलांचे दोन रकाने हीच व्याख्या सांगत होते. शिक्षा चुकीएवढी असती तर ती नीतिकथा झाली असती. ती चुकीहून मोठी होते, आणि जिची चूकच नाही तिलाही गाठते, म्हणून ती शोकांतिका. रकाना रिकामा राहिला तेव्हाच मुलांना नाटक समजले. शेवट गोड केला असता तर तो रकाना भरला असता आणि समज तेवढी उणी राहिली असती.

यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. शेक्सपिअर हे नाव मी प्रथम वर्षाला येऊन ऐकले. ‘हे तुम्हाला पेलणार नाही’ असे आमच्यासारख्यांना रागाने क्वचितच सांगितले जाते. बहुधा ते मायेनेच सांगितले जाते. परंतु ज्या मुलांनी घरी वाटणी पाहिली आहे, त्यांच्यापासून लिअर लपवून ठेवण्यात कसली माया?

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, ग्रंथालयातून एक अनुवाद घ्यावा, सहा संध्याकाळी राखून ठेवाव्यात आणि शेवट जसा आहे तसा सांगावा. त्यानंतर थोडा वेळ गप्प बसावे लागते. मग मुले प्रश्न विचारू लागतात. आमच्या वर्गातील पहिला प्रश्न होता : “राजाला हे आधीच कळायला काय करायला पाहिजे होतं?” त्यावर आमचे आणखी दोन दिवस गेले, आणि ते मला सर्वांत मोलाचे वाटतात.