‘पे’ म्हणजे देणे

आज एका छोट्याशा इंग्रजी क्रियापदाबद्दल बोलूया. ‘पे’.

पे म्हणजे पैसे देणे, हे आपल्याला ठाऊक आहे. पण लक्ष देणे म्हणजे ‘पे अटेन्शन’, भेट देणे म्हणजे ‘पे अ व्हिजिट’. आपलं ‘देणे’ही असंच सगळीकडे चालतं, नाही का? एखादा धंदा ‘पे’ करतो, म्हणजे त्यात फायदा होतो. आणि कुणी रागाने ‘यू विल पे फॉर इट’ म्हणालं, तर अर्थ होतो, ‘हे तुला भोगावं लागेल!’

मोबाईलच्या बटणावर मात्र अर्थ एकच: आपल्या खात्यातून पैसे जाणार. आमच्या गटातल्या एका ताईंना फोन आला, “तुम्हाला पैसे पाठवतोय, पे दाबा, पिन टाका.” त्यांनी टाकला. शिलाईचे २,००० रुपये गेले.

यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच, तर लाजू नका, लगेच १९३० या नंबरवर तक्रार करा.

‘पे’ दिसलं की आधी स्वतःला विचारा, मी देतेय की घेतेय?